अस्तरमास्तरांच्या दुकानातला फोन

नवा कपडा उलटा करून बघणारी माणसं जगात दोनच: एक शिंपी, दुसरी सासू. पण अस्तरमास्तरांच्या दुकानात ही सूट कोणालाच नव्हती. गिऱ्हाईक कोट न्यायला आलं की मास्तर तो आधी उलटा करून त्याच्या नाकासमोर धरत. "बाहेरून काय, कोणीही मिरवतं हो. आतून बघा. एक दोरा लोंबताना दाखवा, उद्यापासून मशीन विकून टाकतो!" गिऱ्हाइकाला लग्नाला जायची घाई असे, ते बिचारं "वा वा" म्हणून सुटका करून घेई.

कोटाच्या अस्तरात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, म्हणून नाव पडलं अस्तरमास्तर. हळूहळू कामाची रीत स्वभावात उतरली. आतलं आत राहावं, शिवण दिसू नये, जोड कुठे आहे ते कोणाला कळू नये. फक्त तोंडाच्या बाबतीत हा नियम नव्हता. गळ्यात मापाची टेप आणि बोलण्याला माप नाही, असं त्यांची बायकोच म्हणायची. खांद्याचं माप घेताना ते राजकारणावर बोलत, बाहीचं घेताना पावाच्या घसरलेल्या दर्जावर, आणि कंबरेपाशी आले की गिऱ्हाइकाच्या प्रकृतीवर. मधे कोणी काही सांगू लागलं तर मास्तर तोंडात टाचण्या धरून "हं हं" करत आणि टाचण्या काढल्या की आपलंच पुढे चालू करत.

त्यांना एकच मुलगा. लहानपणी कापायच्या टेबलाखाली बटणांचा डबा घेऊन बसायचा, म्हणून आईने नाव ठेवलं बटण, आणि तेच पुढे चिकटलं. एकदा त्याने बापाच्या पांढऱ्या शर्टाला वरून दुसरं बटण लाल लावून ठेवलं होतं. मास्तर तसाच घालून दिवसभर दुकानात वावरले आणि संध्याकाळी कोणीतरी हसल्यावर त्यांना कळलं. बटण मोठा झाला, एका कुरिअर कंपनीच्या ऑफिसात लागला, सरळ वागला, हळू बोलला. मग हळूहळू अजिबात बोलेनासा झाला. आणि तेविसाव्या वर्षी त्याने आत्महत्या केली.

घरात हा शब्द कोणी उच्चारला नाही. मास्तरांची थोरली बहीण, जिला सगळं घर आत्या म्हणतं, ती आली ती कारभार हातात घेऊनच. दुःख तिलाही झालं होतं, नाही कसं? पण तिला रडण्याआधी व्यवस्था सुचते. दारातच तिने सगळ्यांना गोळा केलं. "झटका आला म्हणायचं. सगळ्यांनी एकच सांगायचं. कोणी फाटे फोडायचे नाहीत." ज्या घरात पडद्याच्या रंगावरून वर्षभर एकमत झालं नव्हतं, त्या घरात ह्या वाक्यावर चहा उकळेपर्यंत एकमत झालं.

मग समाचाराला माणसं आली. झटका म्हटल्यावर लोकांना बोलायला केवढा आधार मिळाला! कोणी म्हणालं, आजकालची मुलं तेलकट खातात. कोणी म्हणालं, चालत नाहीत. एका दूरच्या काकांनी तर खुद्द मास्तरांनाच छाती तपासून घ्यायला सांगितलं, कारण हे घराण्यात असतं म्हणे. मास्तर मान डोलवत होते. पुढे पुढे तर ते स्वतःच सांगू लागले, की हृदय पहिल्यापासून जरा नाजूकच होतं. खोटं बोलण्यातही त्यांनी एक दोरा लोंबू दिला नाही.

बटणची आई मात्र भिंतीला टेकून बसून असायची. माणसं पांगल्यावर एके दिवशी ती म्हणाली, "अहो, मला हे झटका झटका म्हणवत नाही. लोकांना काय सांगायचं ते सांगा. पण आपण दोघं तरी खरं बोलू. त्याला काय होत होतं, मी काय बघितलं, मला एकदा सगळं बोलून घेऊ द्या."

"बोलू की," मास्तर म्हणाले, "न बोलायला काय झालं?" आणि उठून चप्पल घातली, कारण त्यांना कोणाची तरी ट्रायल आठवली. पुढे हे रोजचंच झालं. तिने तोंड उघडायचा अवकाश, की ट्रायल. त्या महिन्यात अख्ख्या शहराने कोट शिवायला टाकले असते तरी इतक्या ट्रायली झाल्या नसत्या.

अशा वेळी मेहुणा अवतरला. मेहुणा म्हणजे बटणचा मामा, बायकोचा धाकटा भाऊ. ह्याने आजवर कंबरदुखीच्या गाद्या विकल्या, पाणी शुद्ध करायची यंत्रं विकली, आणि दोन्ही बुडाल्यावर 'यशस्वी कसे व्हावे' ह्याचे वर्ग काढले. तो खुर्चीवर पुढे सरकून बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "दाजी, दुःख आत साठवायचं नसतं. ते बाहेर काढायचं असतं."

"कसं?"

"शर्टाच्या रूपात."

कल्पना अशी, की मास्तरांनी शर्ट शिवायचे, मेहुण्याने खपवायचे, आणि नफ्यातला वाटा शहरातल्या हेल्पलाइनला द्यायचा. तिथे मनाने खचलेल्या माणसांचे फोन घेतात. नावसुद्धा ठरवून आला होता: 'धीर'. आता खरं सांगायचं तर ह्या मेहुण्याच्या डोक्यातून निघालेली ही पहिलीच बरी गोष्ट होती. दुसऱ्या कोणाच्या घरातलं टेबलाखालचं पोर वाचेल, ह्या एका विचाराने मास्तरांच्या हाताला परत काम सापडलं. त्यांनी त्याच दुपारी कापड काढलं. ते दुःखातून सुटले नव्हते, पण निदान कात्री चालवत होते.

मग घोषवाक्यांची भांडणं. मेहुण्याला छातीवर मोठी अक्षरं हवी होती. 'हसत राहा!' 'टेन्शन नको, जगून घे!' 'रडतोस काय, लढ ना!' मास्तर भडकले. "माणूस म्हणजे काय दुकान आहे, छातीवर पाटी लावून फिरायला? ज्याला गरज आहे त्याला दिसलं की झालं. आत लेबल लावू, कॉलरखाली. शर्ट घालताना रोज डोळ्यांसमोर येईल."

"आत असेल तर फोटोत कसं येणार?" मेहुण्याने विचारलं, आणि हा प्रश्न तो अगदी मनापासून विचारत होता.

शेवटी तोड निघाली. लेबल आत, आणि बाहेर वरून दुसरं बटण लाल. ते लाल बटण कशासाठी, हे मास्तरांनी कोणाला सांगितलं नाही. बायकोने पहिला शर्ट हातात घेतला, त्या बटणावरून अंगठा फिरवला आणि काही न बोलता घडी करून ठेवला. मेहुण्याला अर्थ ठाऊक नव्हता, त्यामुळे त्याने स्वतःचा तयार केला. लाल बटण म्हणजे हृदय! आणि तो तसं सांगत सुटला.

तिथेच घोळ झाला. माहितीपत्रकात 'आत्महत्या' हा शब्द नको, असं आत्याने बजावलं होतं. तेव्हा तिथे छापलं 'त्या विषयाला प्रतिबंध'. मुलगा गेला झटक्याने, शर्टावर लाल हृदय, आणि प्रतिबंध 'त्या विषयाला'. लोकांनी आपापल्या परीने बेरीज केली. शर्ट घ्यायला आलेले लोक विचारू लागले, की स्वयंपाकाला तेल कोणतं वापरावं? एका गृहस्थांनी शर्ट घातल्यापासून आपला रक्तदाब उतरल्याचं पत्नीसह येऊन सांगितलं. मास्तरांनी त्यांचे आभार मानले. दुसरं काय करणार?

लेबलाची गंमत आणखी वेगळी. शिंप्याच्या धंद्यात कागदावर लिहून द्यायची रीत नाही. नमुना द्यायचा आणि 'असंच' म्हणायचं. मास्तरांच्या कोटाला वर्षानुवर्षं एक लेबल असे: वर दुकानाचं नाव, मधे 'सैल-घट्ट करायचं असल्यास फोन करा', आणि खाली दुकानाचा नंबर. मास्तरांनी एका जुन्या कोटाचं लेबल उसवलं, लेबलवाल्याच्या हातावर ठेवलं आणि तोंडी सांगितलं, "दुकानाच्या जागी 'धीर' घाल. मधल्या ओळीच्या जागी 'मन जड झालं असेल तर बोला, ऐकणारं माणूस आहे' असं घाल. बाकी असंच." लेबलवाला सचोटीचा माणूस. त्याने बाकी असंच केलं. हेल्पलाइनचा नंबर मेहुण्याच्या खिशात राहिला आणि ऐकणाऱ्या माणसाखाली अस्तरमास्तरांच्या दुकानाचा नंबर विणला गेला. मेहुण्याने तपासताना बाहेरची बाजू बघितली, मास्तरांनी टाके बघितले. अक्षरं कोणीच वाचली नाहीत.

विक्री आधीच सुरू झाली होती, पण रीतसर उद्घाटन मागाहून ठेवलं, आणि सभागृह भरलं. मागच्या फलकावर उगवता सूर्य हवा होता. फलकवाल्याकडे मावळता शिल्लक होता, तोच लावला. व्यापारी संघाचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. आमच्या वेळी हे असले प्रकार नव्हते, म्हणाले, कारण आम्हाला वेळच नव्हता. जीवन अनमोल आहे, म्हणाले, आणि शर्टही परवडण्यासारखा आहे. टाळ्या पडल्या. मग मेहुण्याने बहिणीला पुढे केलं. "आई म्हणून दोन शब्द." ते दोन शब्दही त्याने आधीच शिकवून ठेवले होते: 'सगळ्यांचे आभार'.

ती माइकपुढे उभी राहिली. शर्टाची घडी तिने पोटाशी धरली होती. "माझ्या मुलाला झटका आला नव्हता," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण माइक चांगला होता. "त्याला बरेच महिने..."

मास्तर खुर्चीवरून कसे उठले ते त्यांनाही कळलं नाही. त्यांनी माइक तिच्यासमोरून ओढून घेतला. "तिला भरून आलंय," ते म्हणाले, "आई आहे शेवटी." सभागृहाने मोठ्या समजूतदारपणे टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या आत्याने रुमालाने कपाळ पुसलं.

घरी येताना ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चहा समोर यायचा, ताट समोर यायचं, पण शब्द यायचा नाही. मास्तरांना आता ट्रायलीची सबब लागत नव्हती, कारण टाळायला समोर काही उरलंच नव्हतं. एवढ्या मोकळिकीत त्यांना झोप लागेना.

आणि दुकानातला फोन वाजू लागला. जुना फोन, रिसीव्हरला चिकटपट्टी गुंडाळलेली. पहिला फोन आला तेव्हा मास्तर काज करत होते.

"तुमचा शर्ट घेतलाय," पलीकडून एक पुरुष म्हणाला.

"घेऊन या. काय करायचंय, आखूड?"

"शर्ट ठीक आहे," तो म्हणाला. "मी ठीक नाही."

मास्तरांनी सुई कापडात खोचून ठेवली. त्यांना काय करावं सुचेना, तेव्हा जे आयुष्यभर केलं तेच त्यांनी केलं. ते बोलले. हिंमत धरा म्हणाले, सकाळी लवकर उठा म्हणाले, स्वतःच्या उमेदवारीच्या काळातल्या हालअपेष्टा सांगितल्या. पलीकडचा माणूस बराच वेळ ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "काका, तुम्हीच फार त्रासात दिसताय." आणि त्याने फोन ठेवला.

मास्तरांनी लेबल वाचलं आणि त्यांना घाम फुटला. मेहुण्याला कळवलं तर तो खूश! "दाजी, लोक थेट आपल्याशी जोडले जातायत. ह्याला पैसे मोजावे लागतात!" पण हेल्पलाइन चालवणाऱ्या बाई खूश नव्हत्या. त्या शर्ट हातात घेऊनच दुकानात आल्या. शांत बाई, पण शांतपणे झापणाऱ्या.

"मास्तर, शर्ट खपतात आमच्या नावावर, आणि फोन तुमच्याकडे. उद्यापासून लेबलं बदलायची. आणि गेलेल्या शर्टांवरून जे फोन येतील त्यांना आमचा नंबर द्यायचा, जमलं तर तिथल्या तिथे जोडून द्यायचं. कोणी जिवावर उदार झालेलं वाटलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, आम्हाला लगेच कळवायचं. आणि तोवर ऐकायचं. उपदेश नाही. लवकर उठा वगैरे तर अजिबात नाही."

"ऐकतो की मी," मास्तर म्हणाले.

"आणि सरळ विचारायचं. जीव द्यावासा वाटतोय का? आत्महत्येचा विचार येतो का? विचारल्याने कोणाच्या डोक्यात नवं काही शिरत नाही. असेल ते बाहेर यायला वाट मिळते. म्हणून दाखवा बघू."

"तुम्हाला... ते... तसलं काही..."

"तसलं म्हणजे काय? शब्द म्हणा."

मास्तर पाणी प्यायले. त्यांनी टेप गळ्यातून काढली, परत घातली. "बाई, माझी एक ट्रायल आहे," ते म्हणाले.

बाई गेल्यावर ते कापायच्या टेबलाजवळच्या स्टुलाकडे बघत बसले. शेवटच्या काही महिन्यांत बटण ऑफिसातून सुटला की तिथे येऊन बसायचा. एकदा म्हणाला होता, "बाबा, जरा बोलायचं होतं." मास्तरांनी "बोल की" म्हटलं होतं, आणि मग त्याला बाहीच्या घेराबद्दल स्वतःच सांगत बसले होते. पोरगं सगळं ऐकून घेऊन उठून गेलं होतं. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. तो शब्द उच्चारला की त्याच्या मागून हे सगळं बाहेर येईल, म्हणून त्यांनी तोंडाला आतून टाका घातला होता.

लेबलं बदलली. फोन मात्र येत राहिले. मास्तर नंबर देत, बाईंना कळवत, आणि प्रयत्न करून गप्प बसत. पण सरळ प्रश्न काही तोंडातून निघत नसे.

मग मेहुण्याने वर्तमानपत्रात छापून आणायचं ठरवलं. फोनवर लोकांची दुःखं ऐकणारे अस्तरमास्तर! भर दुपारी तो अध्यक्षांना आणि एका फोटोवाल्याला घेऊन दुकानात शिरला. अध्यक्षांनी लाल बटणाचा शर्ट घातला होता. तो पोटावर ताणला होता, पण निष्ठेने घातला होता. फोटोवाल्याने मास्तरांना रिसीव्हर कानाला लावायला सांगितलं. "चेहरा जरा दुःखी ठेवा काका. एवढं नको. दुःखी, पण आशा आहे असं." मास्तर आशा आणायच्या खटपटीत असतानाच हातातला रिसीव्हर ठेवावा लागला, कारण फोटोवाल्याला दिवा हलवायचा होता. ठेवल्याबरोबर फोन खरंच वाजला.

"वा! काय टायमिंग!" मेहुणा म्हणाला.

मास्तरांनी उचलला. "बोला. ऐकतोय."

"मी बोलतेय."

किती दिवसांनी हा आवाज! मास्तर दचकून भिंतीकडे वळले. "अगं, आत्ता इथे सगळे..."

"लेबलवर लिहिलंय, ऐकणारं माणूस आहे म्हणून," ती म्हणाली. "आहे का?"

मास्तरांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"घरी बोलायला लागले की तुम्ही दुकानात जाता. म्हटलं, दुकानातच फोन करावा."

मागे अध्यक्ष घसा साफ करत होते. मास्तरांच्या छातीत खरोखरच काहीतरी धडधडत होतं. ही एकटी घरात आहे, आणि ही ह्या नंबरवर फोन करतेय. हेल्पलाइनच्या बाईंचा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर आला. त्यांना भीती वाटली, आणि त्या भीतीनेच शेवटी शब्द सुटला.

"तुला जीव द्यावासा वाटतोय का?"

मेहुण्याचा जबडा खाली आला.

"नाही हो," ती म्हणाली. "मला जगायचंय. पण ह्या खोट्या झटक्याबरोबर नाही जगवत. सांगू का आता?"

"सांग."

तिने सांगायला सुरुवात केली. बटण रात्री दिवा चालू ठेवून झोपायचा. त्याचा डबा भरलेलाच परत यायचा, आणि आपण विचारलं नाही, वाटलं ऑफिसात खाऊन येत असेल. एकदा तो स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, आई, बाबांशी बोलायला गेलो होतो, पण ते कामात होते. हे ऐकून मास्तरांनी डोळे मिटले. म्हणजे तिला हे ठाऊक होतं. इतके दिवस पोटात ठेवून तिने त्यांच्यासमोर चहा ठेवला होता.

"तुम्हाला बोल लावायला नाही सांगत," ती म्हणाली. "मीही म्हटलं होतं, उद्या बोल. दोघांनी मिळून वाहायचं ते मी एकटी वाहतेय, एवढंच."

इतक्यात फोटोवाल्याने वही काढली. तो बिचारा बाहेरचा, त्याला काय कल्पना? "काका, एक राहिलं. मुलगा हार्टनेच गेला ना तुमचा? मग फोटोखाली काय देऊ? हृदयविकार जनजागृती?"

"हो हो, तसंच काहीतरी," मेहुणा घाईघाईने म्हणाला.

मास्तर वळले. रिसीव्हरवर हात ठेवायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही, किंवा आलं असेल आणि त्यांनी ठेवला नसेल.

"हृदय नाही," ते म्हणाले. "माझ्या मुलाने आत्महत्या केली. तो माझ्याशी बोलायला आला होता आणि मी त्याला बोलू दिलं नाही. हे लिहा. आणि ते लाल बटण हृदय नाही, ते त्याने लहानपणी माझ्या शर्टाला लावलं होतं."

अध्यक्षांनी नकळत आपल्या पोटावरच्या शर्टाकडे बघितलं. मेहुणा "दाजी, ते नंतर सविस्तर..." असं काहीसं पुटपुटला. मास्तरांनी त्याच्याकडे पाठ केली. रिसीव्हरमध्ये बायको रडू लागली. समाचाराला माणसं आली तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात ते."

मास्तरांच्या ओठांवर खूप काही आलं. तिची समजूत घालावी, आपली चूक सांगावी, आत्याचं नाव घ्यावं, उद्यापासून असं करू नि तसं करू म्हणावं. त्यांनी पायाने बटणचं स्टूल जवळ ओढलं आणि त्यावर बसले.

"पुढे सांग," ते म्हणाले, आणि तिचं बोलून होईपर्यंत गप्प बसले.